स्वत्वाचा उगम आणि लेकीचा वाटा

पित्याच्या संपत्तीवर अपत्याचा हक्क नेमका कोणत्या क्षणी उत्पन्न होतो, हा प्रश्न आज वाटणीच्या दाव्यांत आणि फेरफाराच्या नोंदींत अडकलेला दिसत असला, तरी धर्मशास्त्रकारांनी तो मुळात तत्त्वचिंतनाचा प्रश्न म्हणून हाताळला होता. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर दायविभागाचे, म्हणजे वारशाच्या वाटणीचे नियम सांगण्यापूर्वीच एक शंका उपस्थित करतो: स्वत्व, म्हणजे एखादी वस्तू एखाद्याच्या मालकीची असणे, हे केवळ शास्त्रवचनावरून कळते की लोकव्यवहारावरून?

त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. यज्ञातील आहवनीय अग्नी शास्त्रावाचून ओळखता येत नाही. परंतु भात जसा लौकिक उपयोगाचा पदार्थ आहे, तसेच स्वत्वही खरेदी-विक्रीसारख्या लौकिक व्यवहारांना उपयोगी पडते आणि ज्यांना शास्त्राचा परिचयही नाही अशा दूरच्या लोकांतही ते मानले जाते, म्हणून ते लौकिकच होय. या निष्कर्षाचा परिणाम दूरगामी आहे. एखाद्याने निषिद्ध मार्गाने धन मिळविले, तर प्रायश्चित्त त्याने घ्यावे, परंतु ते धन त्याचे झालेलेच असल्यामुळे वाटणीत ते घेणाऱ्या मुलांना दोष लागत नाही, असे विज्ञानेश्वर म्हणतो. पित्याचे पाप आणि पित्याचे धन यांना इतक्या स्वच्छपणे वेगळे करणारा विचार मध्ययुगीन विधिशास्त्रात विरळाच आढळेल.

मालकी लौकिक ठरल्यावर तिचा उगम जन्मात आहे, असे मिताक्षरेने प्रतिपादिले. पूर्वजांच्या संपत्तीत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो आणि पिता हयात असणे त्याला आड येत नाही, म्हणून अशा वारशाला ‘अप्रतिबंध दाय’ ही संज्ञा आहे. बंगालमधील जीमूतवाहनाने ‘दायभाग’ या ग्रंथात याच्या उलट मत मांडले: पित्याच्या मृत्यूने, पातित्याने किंवा संन्यासाने त्याचे स्वत्व संपते, आणि तेव्हाच अपत्याचे स्वत्व सुरू होते. वारसांचा क्रमही त्याने मृताला पिंडदानाने होणाऱ्या पारलौकिक उपकारावर बेतला, तर विज्ञानेश्वराने सपिंडतेचा, म्हणजे वारसा ठरविणाऱ्या नात्याचा, अर्थ एकाच देहाचे अवयव वाट्याला येणे असा केला. तरीही विधवेबाबत अधिक उदार ठरला तो जीमूतवाहनच, कारण अविभक्त कुटुंबातही त्याने तिला पतीचा वाटा दिला.

देहसंबंध हाच आधार असेल, तर लेकीला वगळण्याचे कारण काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. विज्ञानेश्वराने अविवाहित कन्येला भावांच्या वाटणीतून चतुर्थांशाच्या नियमाने प्रत्यक्ष अंश दिला, आणि तो अंश म्हणजे निव्वळ लग्नखर्च हे मत त्याने नाकारले. परंतु जन्मसिद्ध हक्क मात्र त्याने पुरुषसंततीपुरताच ठेवला. आपल्याच युक्तिवादाला त्याने अर्ध्यावर थांबविले, असे म्हणावे लागते. पुढे पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिताना, बहीण भावाच्याच गोत्रात जन्मलेली असते या आधारावर तिला वारसांत स्थान दिले, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी ते मान्य केले.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहितेच्या विधेयकात जन्मसिद्ध हक्काऐवजी दायभागाची व्यक्तिगत मालकी सर्वत्र लागू करण्याचा आग्रह धरला, तो मुलीच्या वाट्याचा मार्ग मोकळा व्हावा यासाठीही होता. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मात्र पुरुषांची सहदायिकी, म्हणजे जन्माने हक्कदार होणाऱ्यांचा गट, कायम ठेवली. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना त्या गटात घेतले, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळले; लग्नाने जन्म पुसला जातो असे मानण्यासारखेच ते होते. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलगी मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद, म्हणजे या गटाची सदस्य, ठरली, आणि त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. विज्ञानेश्वराने अपुरा सोडलेला विचार अशा रीतीने सुमारे नऊ शतकांनी पूर्ण झाला.

परंतु कायद्याने दिलेले अनेक घरांत हक्कसोडपत्राने परत घेतले जाते. या दस्ताने वारस आपला हिस्सा इतरांच्या लाभात सोडून देतो, आणि स्वेच्छेने केलेला असा त्याग सर्वस्वी वैध आहे. मात्र सही न केल्यास माहेर तुटेल या भीतीने केलेल्या त्यागात स्वेच्छा कोठे असते? दानाला दात्याची मोकळी इच्छा लागते, भयाने दिलेले दान हे दानच नव्हे, हे स्मृतिकारांनाही मान्य होते. त्यामुळे धर्माचे नाव घेऊन बहिणीकडून सही घेणाऱ्याला धर्मशास्त्राचाही आधार मिळत नाही. म्हणून पित्याच्या पश्चात वारसनोंद करताना बहिणीचे नाव प्रथम सात-बारावर लागावे, तिच्या हिश्श्याचे क्षेत्र आणि मोल तिला समजावून सांगितले जावे, आणि तो ठेवावा की सोडावा याचा निर्णय त्यानंतर तिच्यावर सोपवावा.