भरून येणारी जखम

परभणी जिल्ह्यांत बसून समुद्राविषयीं लिहिणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पोवळ्याशीं आमचा संबंध मंगळाच्या अंगठीपुरता, किंवा वैद्याच्या प्रवाळभस्मापुरता. तथापि लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींची हकीकत वाचतांना जो प्रश्न उभा राहतो, तो समुद्राचा नसून नीतीचा आहे: जी जखम आपोआप भरून येते, ती करणाराचा अपराध त्यामुळें कमी होतो काय?

प्रवाळभित्ति रचणारा जीव अतिशय लहान असतो. त्याच्या देहांत सूक्ष्म शैवाल राहतें व सूर्यप्रकाशांत अन्न तयार करून त्यास पोसतें. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल मर्यादेहून पाणी अंशभर अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं हें सख्य तुटतें. प्रवाळ पांढराफटक होतो व पुष्कळदां उपासमारीनें मरतो. लक्षद्वीपच्या समुद्रांत १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या सालीं असें घडलें. १९९८ नंतर तेथील भित्ति पुन्हा वाढूं लागल्या. तेथील मच्छीमार मुख्यतः खुल्या समुद्रांतील कुपा गळानें धरीत. त्यामुळें भित्तींवरील शेवाळ खाणारे मासे शिल्लक राहिले व नव्या प्रवाळास जागा मिळाली, हें त्याचें एक कारण सांगतात.

यावर कोणी म्हणेल, निसर्ग क्षमाशील आहे. मग एवढी चिंता कशाला? परंतु असें म्हणणें म्हणजे ऋणकोनें धनकोच्या औदार्यालाच पावती समजणें होय. शिवाय सांवरावयास भित्तीला दशकभर तरी स्वस्थता हवी. पहिल्या दोन आघातांत बारा वर्षांचें अंतर होतें. पुढें तें सहा व आठ वर्षांवर आलें. १९९८ ते २०२२ या काळांत तेथील जिवंत प्रवाळ सुमारें निम्म्यावर आल्याचें संशोधकांस आढळलें. घाव घालणें हा अपराध खराच. पण खपली धरण्यापूर्वीं पुन्हा घाव घालणें हा त्याहून मोठा.

हा घाव घालणारा कोण? मालवणला नांगर टाकून प्रवाळ मोडणारा नावाडी डोळ्यांना दिसतो. १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य झाल्यानें त्याच्यावर नियम घालण्याचा मार्ग तरी मोकळा झाला. परंतु पृथ्वीवर सांठणाऱ्या जादा उष्णतेपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटांत घेतो, आणि ती सांठविणाऱ्या धुरांत आपलाही वांटा आहे. शेजारच्या परळीस वर्षानुवर्षें कोळसा जळत आला व त्यावर मराठवाड्याचे दिवे लागले. हा वांटा अल्प आहे, हें खरें. पण अल्प म्हणून तो शून्य होत नाहीं.

तथापि शेतकऱ्याच्या पंपाची वीज आणि रिकाम्या दिवाणखान्यांतील दिव्यांची वीज एकाच तराजूंत घालणें अन्यायाचें होईल. गरजेला नीति मज्जाव करीत नाहीं. ती चैनीला जाब विचारते, आणि तो जाब आपणां सुशिक्षितांच्या घरांनाच प्रथम द्यावा लागेल. एखादें वर्ष रान पडीत ठेवणाऱ्या कुणब्याला आमच्याकडे कोणी आळशी म्हणत नसे. जमिनीला विसांवा हवा, हें तो जाणून होता. समुद्राच्या बाबतींतही माणसाकडून एवढीच अपेक्षा आहे. भित्ति आपल्या आपण उभी राहील. तिला तेवढा अवधि देणें मात्र आपल्या हातीं आहे.