खाडा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी दिनदर्शिका टांगलेली असे. दूध आले नाही की आई त्या तारखेवर फुली मारी. भांड्याला येणाऱ्या मावशींचे खाडेही तिथेच. महिनाअखेर दुधाच्या फुल्या मोजून पैसे वजा होत. मावशींच्या काही फुल्यांशेजारी मात्र बारीक अक्षरात ‘ताप’ असे लिहिलेले असे, आणि त्या फुल्या आई मोजत नसे. दूध न येणे आणि माणूस न येणे तिच्या लेखी एक नव्हते.

यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर काम करू पाहणाऱ्या मुलांना पहिला सल्ला मिळतो तो ‘कन्सिस्टन्सी’चा. मंगळवार म्हणजे मंगळवार, व्हिडिओ आलाच पाहिजे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चॅनलवर काहीच आले नाही, तर त्यावरची कमाई बंद करण्याचा अधिकार यूट्यूबने आपल्याकडे ठेवला आहे. नैराश्य अनेकदा याहून जास्त काळ मुक्काम करते. इथे ‘ताप’ लिहायला जागाच नाही.

बायपोलर आजार असलेल्या माणसाचे तर आणखी अवघड. उन्मादाच्या काळात त्याला झोपेची गरज वाटत नाही, कल्पना एकीवर एक कोसळत असतात, रोज एक व्हिडिओ येतो. आपण म्हणतो, काय सातत्य आहे! म्हणजे आजार भरात असताना आपण कौतुक करतो आणि तो माणूस खाली गेला, अंथरुणातून उठेना झाला, की त्याला बेशिस्त ठरवतो. याच आजारात डॉक्टरही नियमितपणाचा आग्रह धरतात. पण तो झोपण्याउठण्याच्या वेळेचा, जेवणाचा, गोळ्यांचा. पहाटे तीनपर्यंत एडिटिंग करत बसून मंगळवार गाठला, तर हा नियमितपणा मोडतो. म्हणून मला वाटते, जिने मंगळवार सोडला आणि दहा वाजता दिवा मालवला, तिने आपला नेम पाळला. खाडा लावायचाच तर तो जागरणाला लावावा.

जुन्या धर्मशास्त्रात आठ गोष्टी अशा सांगितल्या आहेत की ज्यांनी व्रत मोडत नाही. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध आहे, आणि औषधही आहे. व्रतासारख्या कडक गोष्टीत ज्यांनी आजाऱ्यासाठी जागा ठेवली, त्यांना माणसाच्या देहाची चांगलीच ओळख असणार.

अमेरिकेतल्या अ‍ॅली ब्रॉश आपल्या ‘हायपरबोल अँड अ हाफ’ या ब्लॉगवर चित्रकथा काढत. ऑक्टोबर 2011मध्ये त्यांनी स्वतःच्या नैराश्यावर एक चित्रकथा टाकली आणि नंतर दीड वर्षाहून अधिक काळ जवळजवळ शांतता. मे 2013मध्ये दुसरा भाग आला. सगळ्या भावना विझल्यावर कसे वाटते, भोवतालच्या माणसांचे आशेचे बोल तेव्हा किती परके वाटतात, आणि अखेर फ्रिजखाली पडलेला मक्याचा एक सुकलेला दाणा पाहून हसू कसे फुटले, हे त्यात आहे. वाचक कुठे गेले नव्हते. त्याच वर्षी त्यांचे पुस्तक आले. पुढचे आले ते थेट 2020मध्ये. त्यांच्या कामात मला कमालीचे सातत्य दिसते, कारण इतक्या खंडांनंतरही खरे तेवढेच सांगण्याचा त्यांचा हट्ट सुटलेला नाही.

पण हे उदाहरण देताना मला भीतीही वाटते. दीड वर्ष गप्प राहिलीस ना, मग आता काहीतरी अजोड घेऊन ये, अशी नवी वसुली त्यातून सुरू होऊ नये. आजारातले दिवस हे काही गुंतवलेले भांडवल नव्हे. पुष्कळांचे ते दिवस नुसतेच जातात. परत आल्यावरचा पहिला व्हिडिओ साध्या वरणभाताचा असला तरी चालेल.

प्रेक्षकांचे पैसे घेतले असतील तर त्यांचा हिशेब मात्र दुधासारखाच चोख व्हावा. पॅट्रिऑनसारख्या ठिकाणी त्या महिन्याची वर्गणी थांबवता येते. ती थांबवावी, दोन ओळी लिहून कळवावे. त्या दोन ओळींत आजाराचे नाव असायलाच हवे असे नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाला आपल्या आजाराविषयी आणि उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क देतो. त्याचे बंधन डॉक्टर आणि रुग्णालयांवर आहे, प्रेक्षकांवर नाही, हे खरे. तरी कॅमेऱ्यासमोर बसून, डोळे पुसत, ‘मी का नव्हते’ याचा खुलासा करणारी मुले पाहिली की माझा जीव कासावीस होतो. तो खुलासा मागितला कोणी? आपणच, ‘कुठे गायब होतीस?’ असे शंभरदा विचारून. बहुतेकांनी ते प्रेमानेच विचारलेले असते, हे मला ठाऊक आहे.

मावशी तापातून उठून कामावर आल्या की आई काही विचारत नसे. त्यांच्या हातात चहाचा कप देई आणि म्हणे, “आज एवढीच भांडी घासा, कढई राहू द्या.”