मरण्याचं काम गुरूचं

जपानमधल्या जुन्या तलवारविद्येचा सराव पहिल्यांदा पाहणाऱ्याची हमखास गल्लत होते. दोन माणसं लाकडी तलवारी घेऊन समोरासमोर उभी असतात. एकजण पुढे सरसावतो, डोक्यावर वार करतो. दुसरा अर्धं पाऊल तिरका सरकतो, वार हवेत जातो आणि पुढच्याच क्षणी वार करणाऱ्याच्या मनगटापासून दोन बोटांवर दुसऱ्याच्या तलवारीची धार येऊन थांबते. बघणाऱ्याला वाटतं, हरला तो शिष्य असणार, आणि इतक्या सफाईनं जिंकला तो गुरू.

असतं ते उलट. आधी वार करणाऱ्याला ‘उचिदाची’ म्हणतात आणि त्याला उत्तर देणाऱ्याला ‘शिदाची’. घराण्यागणिक नावं बदलतात, पण बहुतेक ठिकाणी आधी वार करून शेवटी मरायचं काम ज्येष्ठाचं असतं. जिंकायचं ते शिकणाऱ्यानं. चाळीस वर्षं शिकवलेला गुरू या हिशेबानं हजारो वेळा मेलेला असतो, आणि तेही आपल्याहून कच्च्या माणसांच्या हातून.

ही विद्या आज कशासाठी शिकायची, हा प्रश्न नवा नाही. 1876 साली मेइजी सरकारनं सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी केली, तेव्हाच तिचा व्यवहारातला उपयोग बहुतांशी संपला. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक अवघड प्रश्न दडलेला आहे आणि तो धर्माचा आहे. ज्या बौद्ध परंपरेचं पहिलं शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं, तिच्याच छायेत माणूस कापण्याची कला चित्तशुद्धीचा मार्ग म्हणून वाढली. हे जमलं कसं? आणि ते खरं होतं का?

टोकियोच्या पूर्वेला, चिबा प्रांतात, कातोरीचं प्राचीन शिंतो देवस्थान आहे. तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू हे सर्वांत जुन्या समजल्या जाणाऱ्या घराण्यांपैकी एक इथलंच. त्याचा संस्थापक इइझासा चोइसाइ हा पंधराव्या शतकातला लढवय्या. आख्यायिका अशी, की देवस्थानाजवळच्या झऱ्यात कुणीतरी घोडा धुतला आणि तो घोडा तडकाफडकी मेला. त्या घटनेनं हादरलेल्या चोइसाइनं साठीच्या उंबरठ्यावर हजार दिवसांचं अनुष्ठान केलं आणि देवानं त्याला विद्येची पोथी दिली. पुढे कुणी लढतीचं आव्हान घेऊन आलं, की तो बांबूच्या कोवळ्या झुडपांवर जाऊन बसायचा. झुडपं वाकायची नाहीत. आव्हान देणाऱ्याला शेजारी बसायचं आमंत्रण मिळायचं, आणि तो मुकाट परत जायचा. ‘हेइहो’ या जपानी उच्चाराला एका लिपिचिन्हानं लिहिलं तर युद्धाची विद्या असा अर्थ होतो, दुसऱ्यानं लिहिलं तर शांतीची विद्या. चोइसाइच्या घराण्याची सगळी शिकवण या एका श्लेषावर उभी आहे.

याच घराण्यात पूजली जाणारी मारिशितेन ही मूळची आपली मरीची. जपानी योद्ध्यांचं दुसरं दैवत फुदो म्योओ, हातात तलवार घेतलेला, ज्वाळांनी वेढलेला, म्हणजे संस्कृतातला अचल. ही दैवतं भारतातून चीनमार्गे वज्रयानाबरोबर तिकडे पोचली. त्यामुळे ताकुआन सोहो या झेन भिक्षूनं सतराव्या शतकात यग्यू मुनेनोरीसाठी लिहिलेल्या लेखनाचं नाव भारतीय वाचकाला अगदी परकं वाटायला नको. त्यातल्या ‘फुदोची’चा अर्थच अचल प्रज्ञा. मुनेनोरी हा तोकुगावा शोगुनांचा तलवारगुरू. ताकुआन त्याला समजावतो, की अचल म्हणजे दगडासारखं नव्हे. सहस्रहस्त अवलोकितेश्वराचं मन एका हातावर अडकलं, तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निकामी होतील. मन कुठेच अडकलं नाही, तर सगळे हात चालतील. समोरच्याच्या तलवारीवर, आपल्या तलवारीवर, जिंकण्यावर, मरण्यावर, कशावरच चित्त थांबू द्यायचं नाही. यालाच ‘मुशिन’ म्हणतात, अडकलेपण नसलेलं मन.

मुनेनोरीनं 1632 मध्ये आपल्या घराण्याचा ग्रंथ लिहिला. मारणारी तलवार आणि जगवणारी तलवार हा भेद त्यातून सर्वदूर गेला. एका दुष्टाला मारून हजारोंना जगवता आलं तर ती तलवार जगवणारी. ताकुआन याही पुढे जातो. मारणारा शून्य, मरणारा शून्य, तलवारही शून्य. गीतेचा दुसरा अध्याय कानावर असलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटेल, आणि तिच्यातला धोकाही.

तो धोका विसाव्या शतकात खरा ठरला. 1895 मध्ये क्योतोत स्थापन झालेली दाइ निप्पोन बुतोकुकाइ ही संस्था जुन्या युद्धविद्यांची राखण करत होती. दुसऱ्या महायुद्धात ती सरकारच्या ताब्यात गेली. मुशिनची भाषा सैनिकाला मरायला आणि मारायला तयार करण्यासाठी वापरली गेली. 1937 मध्ये चीनमधल्या स्वारीत दोन जपानी अधिकाऱ्यांमध्ये तलवारीनं आधी शंभर माणसं कोण मारतो याची शर्यत लागल्याच्या बातम्या टोकियोतल्या वृत्तपत्रानं कौतुकानं छापल्या. त्या तपशिलांवर आजही वाद आहे, पण त्या छापताना कुणाला लाज वाटली नाही, यावर वाद नाही. झेन मठांनी या युद्धाला दिलेल्या साथीचा पाढा ब्रायन व्हिक्टोरिया या झेनमधल्या सोतो पंथाच्याच पुरोहितानं 1997 मध्ये पुस्तकरूपानं वाचला. त्याआधी 1992 मध्ये सोतो पंथानं आणि नंतर 2001 मध्ये रिन्झाइ पंथाच्या म्योशिन-जी शाखेनं जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

मन रिकामं झालं की ते आपोआप चांगलंही होतं, ही समजूत इथे मोडून पडते. रिकाम्या मनात कुणीही आपला हुकूम ठेवू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, म्हणजे प्रत्येक वेळी माणसानं स्वतः विचार करून ठरवायचं, असा त्यांचा आग्रह. ताकुआनच्या कसोटीत हा ठरवणारा माणूसच विरघळून जातो. आंबेडकरांच्या कसोटीत तो जागा राहतो. या विद्येचा नैतिक आधार शोधायचा तर शून्यतेच्या तत्त्वज्ञानात तो सापडणं कठीण आहे.

तो सापडतो हरणाऱ्या गुरूपाशी.

उचिदाचीचं काम वाटतं तितकं सोपं नाही. त्यानं वार खरा करायला हवा. शिष्याला सांभाळून घ्यायला तो वीतभर आखूड मारला, तर शिष्य चुकीचं अंतर शिकतो आणि ते अंतर त्याच्या अंगात मुरतं. वार झेपण्यापलीकडे वेगात केला, तर हाड मोडतं. तांबड्या ओकची ही सुमारे एक मीटर लांबीची तलवार लाकडी असली तरी निरुपद्रवी नाही. 1612 मध्ये मियामोतो मुसाशीनं सासाकी कोजिरोचा जीव घेतला तो लाकडी तलवारीनंच, असं परंपरा सांगते. म्हणून गुरूला प्रत्येक वारात शिष्याच्या कुवतीच्या किंचित पुढे, पण किंचितच पुढे, राहावं लागतं. आणि मग जिथे आपण सहज वाचू शकलो असतो तिथे गळा उघडा ठेवून, नवख्या हातातली धार दोन बोटांवर थांबेल यावर विश्वास ठेवून उभं राहावं लागतं. यात मन रिकामं नसतं. ते समोरच्या एका माणसानं पूर्ण भरलेलं असतं.

लष्करानं नेमकं हेच नातं वगळलं. 1925 मध्ये तोयामा सैनिकी शाळेत अधिकाऱ्यांसाठी तलवारीचा छोटा अभ्यासक्रम बसवला गेला तो एकट्यानं करायच्या मोजक्या प्रकारांचा. शिकायला सोपा, लवकर संपणारा. त्यात हरणारा गुरू नव्हता. जुन्या घराण्यांतले गुरू युद्धज्वरापासून अलिप्त राहिले असा दावा अर्थात करता येणार नाही. नातं माणसाला जागं ठेवू शकतं, त्याची हमी देऊ शकत नाही.

युद्धानंतर दोस्तांच्या अंमलाखाली बुतोकुकाइ विसर्जित झाली. 1952 मध्ये या विद्येच्या आधुनिक रूपाचा, केंदोचा, अखिल जपान महासंघ उभा राहिला आणि 1975 मध्ये त्यानं तलवारीच्या तत्त्वांतून माणूस घडवणं हे ध्येय लिहून काढलं. आज देशोदेशींचे लोक ही विद्या शिकतात. सरावाच्या तलवारी बऱ्याचदा जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, बिनधारेच्या असतात. खऱ्या पोलादी पात्याची जपानमध्ये नोंद करावी लागते.

एकट्यानं करायचा सराव जुन्या घराण्यांतही आहेच. त्याला ‘इआइ’ म्हणतात. तलवार म्यानातून काढतानाच पहिला वार होतो. इथे उचिदाची नसतो, प्रतिस्पर्धी फक्त कल्पनेत. म्हणून चांगला गुरू हवेत फिरणाऱ्या पात्याचं कौतुक करत नाही. तो विचारतो, समोरचा किती उंच होता? त्याचा हात मुठीवर गेला होता का? तुझा वार त्याच्या कपाळावर लागला की खांद्यावर? उत्तर देता आलं नाही, तर वार झालाच नाही असं धरतात.

मग तलवार परत जाते. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी म्यानाच्या तोंडाला वेढून असतात. पात्याची बोथट पाठ त्या बोटांवरून घासत जाते, टोक म्यानाच्या तोंडात उतरतं आणि पातं अतिशय संथपणे आत सरकू लागतं. बघायचं असतं पुढे जमिनीवर, जिथे तो नसलेला माणूस पडलेला आहे तिथे. मूठ म्यानाला टेकेपर्यंत नजर तिथून हलवायची नसते.