त्याग आणि ऋण

सतलज नदीवरील भाक्रा धरणाच्या जलाशयाला गुरू गोविंदसिंगांच्या स्मरणार्थ गोविंदसागर असे नाव दिले गेले. उन्हाळ्यात त्याची पातळी उतरू लागली, की हिमाचल प्रदेशातील बिलासपूर येथे जुन्या मंदिरांची शिखरे पाण्याबाहेर येतात. पावसाळ्यात जलाशय भरतो आणि ती पुन्हा बुडतात. ही मंदिरे ज्या नगराची होती, ते जुने बिलासपूर धरणाच्या पाण्याखाली गेले. नवे नगर वरच्या उतारावर वसवण्यात आले.

८ जुलै १९५४ रोजी नांगल कालव्याच्या उद्घाटनप्रसंगी जवाहरलाल नेहरूंनी या प्रकल्पाला उपासनास्थळाची उपमा दिली. पुढे ती ‘आधुनिक भारताची मंदिरे’ या रूपात सर्वतोमुखी झाली. नव्या मंदिरासाठी जुनी मंदिरे बुडाली, या विरोधाभासापाशी थांबणे सोपे आहे. खरा प्रश्न त्यापलीकडचा आहे. या प्रकल्पामुळे सुमारे ३६ हजार माणसे विस्थापित झाली. सार्वजनिक भाषेत त्यांच्या हानीला ‘त्याग’ म्हटले जाते. हा शब्द येथे यथार्थ आहे काय?

त्यागाची पहिली अट अशी, की त्यागणारा आणि गमावणारा एकच असला पाहिजे. दुसरी अशी, की त्याला नकार देण्याची मोकळीक असली पाहिजे. शिबी राजाने कबुतराच्या रक्षणासाठी तराजूत स्वतःचे मांस घातले. त्याने प्रजेतील कोणाचे मांस घातले असते, तर कबुतर वाचले असते, परंतु ती कथा धर्माची राहिली नसती. वजन तेच, फल तेच. कृतीचे नैतिक रूप मात्र सर्वस्वी पालटले असते.

यावरून धरण बांधणेच अधर्म होते, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची स्मृती ताजी असलेला आणि १९६० च्या दशकातही परदेशी गव्हाकडे डोळे लावून बसलेला हा देश होता. भाक्र्याच्या पाण्याने पंजाब, हरियाणा आणि राजस्थान येथील विस्तीर्ण शेती भिजली, हे भरल्या पोटी विसरणे न्याय्य नव्हे. प्रत्येकाची संमती मिळेपर्यंत कोणतेही सार्वजनिक कार्य थांबवता येत नाही, हा आक्षेपही खरा आहे. खुद्द नेहरूंनी १९५८ मध्ये भव्यतेच्या हव्यासाला व्याधी म्हटले होते. पण भाक्र्याची गरज त्यामुळे नाहीशी होत नाही.

मात्र गरज सिद्ध झाली, म्हणून तिला दिलेले नाव योग्य ठरत नाही; आणि येथे नावाला महत्त्व आहे. हानीला त्याग म्हटले, की ती दान ठरते. दान घेणाऱ्याने कृतज्ञतेचे दोन शब्द उच्चारले, की तो मोकळा होतो. मोबदला म्हटले, की तो व्यवहार ठरतो आणि रक्कम चुकती होताच संपतो. ऋण म्हटले, तर ते लाभ घेणाऱ्याच्या आचरणावर येऊन पडते. भारतीय परंपरेतील ऋणकल्पना या अर्थाने मार्मिक आहे. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे नाणी मोजून फिटत नाहीत. ती यज्ञाने, अध्ययनाने, वंशाच्या सातत्याने, म्हणजे जगण्याच्या रीतीने फेडावयाची असतात.

अनेक विस्थापितांना दूरच्या हिसारच्या सपाट प्रदेशात जमीन मिळाली. जमिनीचे क्षेत्रफळ जुळवता येते. शेजार, बोली आणि ग्रामदैवत जुळवता येत नाही. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी धरण राष्ट्रार्पण झाले. त्यानंतर अर्धशतक लोटले, तरी विस्थापितांचे काही प्रश्न रेंगाळतच राहिले. दात्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही. धनकोकडे पाहावेच लागते. त्याग या शब्दाची सोय आहे ती हीच.

म्हणून ज्याच्या शेताला पाणी आणि घराला वीज मिळाली, त्याने विस्थापितांच्या थोरवीचे गोडवे गाण्यापूर्वी स्वतःच्या देण्याचा हिशेब मांडला पाहिजे. पुढील धरणाचा विचार होताना बुडणाऱ्याला आधी विचारणे, हा त्या फेडीचाच भाग आहे. बिलासपूरची शिखरे दर उन्हाळ्यात वर येतात, तेव्हा हा हिशेब अजून मिटलेला नाही, एवढेच त्यांच्याकडे पाहून म्हणता येते.