संयम: सोडण्याचा आणि घेण्याचा

अ‍ॅब्लेशन, म्हणजे मांडीच्या शिरेतून सूक्ष्म नळी हृदयापर्यंत नेऊन ठोके बिघडवणारा ऊतींचा भाग उष्णतेने वा अतिशीत करून निकामी करण्याची प्रक्रिया, झाल्यावर पहिले सुमारे तीन महिने ठोके पुन्हा चुकू शकतात, आणि तेवढ्यावरून उपचार फसला असे वैद्यकशास्त्र मानत नाही. नागपुरातील वृद्ध रुग्णाच्या संयमाची कसोटी याच काळात लागते. मात्र संयम म्हणजे केवळ त्याग, ही रूढ समजूत येथे अपुरी पडते. सावजी रस्सा वर्ज्य केला की व्रत पाळल्याचे समाधान मिळते, पण निर्जळी एकादशीच्या पायी रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकली, तर गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. गीतेचा सहावा अध्याय अतिभोजनाइतकेच अनशनही योगाला बाधक ठरवतो, हे उपवासाचे आग्रही सोयीस्करपणे विसरतात.

उलट उदाहरण दूरचे नाही: वर्ध्याजवळील पवनार येथे नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबा भावे यांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारले व १५ नोव्हेंबरला देह ठेवला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबांचा तो निर्णय जीवितकार्य संपल्याच्या भूमिकेशी सुसंगत होता. परंतु जगण्यासाठीच ज्याने उपचार स्वीकारला, त्याने त्या निर्णयाचे अनुकरण करणे तर्काला धरून नाही. अशा रुग्णाचा संयम अधिक रुक्ष असतो: मद्य टाळणे, गोळी वेळेवर घेणे, आणि पहिले काही दिवस पाण्याची बादली सुनेला उचलू देणे, जे आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला बहुधा सर्वांत जड जाते.