दोन टोके आणि रोजची भाकर



येत्या राखेच्या बुधवारी आपण उपवासकाळात प्रवेश करीत आहोत. या दिवसांत कुणी गोड सोडतो, कुणी मांसाहार, कुणी चहा. ही परंपरा चांगली आहे. मात्र त्यागाच्या यादीत अलीकडे आणखी एक हिशेब हळूच शिरलेला दिसतो, तो म्हणजे तेवढेच पाच किलो वजनही उतरेल! मग चाळीस दिवस काटेकोर पथ्य, पुनरुत्थानाच्या सणाला बिर्याणी आणि केक, आणि पावसाळा येईपर्यंत उतरलेले वजन व्याजासह परत. जानेवारीत पुन्हा नवा संकल्प, जिमची वर्षभराची फी आणि वेताळ टेकडीवर जेमतेम आठवडाभर पहाटफेरी. हे चक्र का थांबत नाही?

'मनोनिग्रह नाही, दुसरे काय!' हे उत्तर आपण पटकन देतो. दुसऱ्याला देतो, आणि आरशासमोर उभे राहून स्वतःलाही देतो. पण हे उत्तर अपुरे आहे आणि अन्यायाचेही आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे हे तरुण होते, त्यांतील बरेच शांततावादी ख्रिस्ती पंथांचे. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे सावरावे हे कळावे म्हणून ते स्वखुशीने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. दिवसरात्र डोक्यात अन्नच. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. बंधन उठल्यावर कित्येकांचे पोट भरे, पण भूक भागेना. बंदुकीला नकार देणाऱ्या या तरुणांत मनोनिग्रह कमी होता, असे कोण म्हणेल?

खरी गोष्ट अशी की, दुष्काळ आणि डाएट यांतला फरक शरीराला कळत नाही. अन्न एकदम तोडले की ते खर्च आवरते आणि भूक वाढवते. वजन उतरवून वर्ष उलटले तरी भूक वाढवणारी संप्रेरके पूर्वपदावर आलेली नसतात, असे २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांना आढळले. देवाने आपल्याला जगवण्यासाठी घडवलेली ही व्यवस्था आहे. तिच्याशी वर्षातून दोनदा युद्ध पुकारले तर हार बहुधा आपलीच.

दुसरे कारण मनात आहे. एक करंजी तोंडात टाकली की मन म्हणते, 'आता मोडलेच, मग डबाच संपवू; सोमवारपासून पुन्हा सुरू.' करंजी खाणे हे पाप नव्हे. पण एका घसरणीवरून सगळेच संपले असे ठरवणे, ही निराशेची जुनी युक्ती आहे. पापनिवेदनाच्या संस्काराने ख्रिस्तसभा आपल्याला नेमके उलटे शिकवते : पडलात तर तिथूनच उठा, आजच उठा.

पाचव्या शतकातील संत जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांचा अनुभव लिहून ठेवला. अतिउपवास आणि खादाडपणा शेवटी एकाच ठिकाणी नेतात, असे अब्बा मोशे त्यांना सांगतात. मोठमोठे उपवास करून मग पोटभर जेवण्यापेक्षा रोज माफक खावे, असा त्या ज्येष्ठांचा सल्ला होता. त्यांचे माप होते दिवसाला दोन लहान वाळवलेले पाव. इस्राएली लोकांनाही मान्ना रोजच्या रोज मिळे, साठवलेला सडे. प्रभूनेही आपल्याला रोजच्या भाकरीसाठीच प्रार्थना करायला शिकवले.

काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनच वेळा जेवण्याची पद्धत बरी की ऋजुता दिवेकर यांचा सल्ला बरा, यावर घराघरांत वाद रंगले. आम्ही कुणाची बाजू घेत नाही. आमचा प्रश्न एवढाच : जे आज सुरू करता, ते दहा वर्षांनीही आनंदाने चालेल का?

आणि वजनकाटा हा शेवटचा न्यायाधीश नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१! हे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. काट्यावरचा आकडा आपल्या प्रकृतीबद्दलही पुरते सांगत नाही, मग आपल्या मोलाबद्दल काय सांगणार?

म्हणून या उपवासकाळासाठी तीन विनंत्या. पहिली : ख्रिस्तसभा १८ ते ५९ वयाच्या निरोगी व्यक्तींकडून राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी उपवास मागते, तोही एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी घेऊन. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. दुसरी : जे ताटातून वाचेल ते भुकेल्याच्या ताटात जाऊ द्या. वाचलेले वाटले की उपवास झाला; नुसते काट्यावर मोजले तर ते डाएटच राहिले. तिसरी : मिस्सानंतर चर्चच्या आवारात 'काय, किती सुटलास!' किंवा 'बारीक झालीस, छान दिसतेस!' असे स्वागत कुणाचेही करू नका, विशेषतः मुलामुलींचे. त्या एका वाक्याने घरी गेल्यावर कुणाचे जेवण सुटते, हे आपल्याला दिसत नाही.

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल सांगतात. मंदिराची निगा रोज थोडी थोडी राखायची असते. ते पाडून पुन्हा पुन्हा बांधायचे नसते. प्रभू येशू आपल्याला रोजच्या भाकरीत समाधान देवो.

प्रभूठायी आपला,
धर्मगुरू