रुमाल टाकून धरलेली जागा

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागली की माणसांच्या आधी रुमाल चढतात. कुणी खिडकीतून उपरणे टाकते, कुणी बाजाराची पिशवी. मागून लेकुरवाळी सावकाश चढते आणि तेवढ्या गर्दीतही तिला खिडकीशी बसायला मिळते. कारण तिच्यासाठी कुणीतरी रुमाल टाकलेला असतो. आई झाल्यावर पुन्हा मैदानात उतरलेल्या खेळाडूची बातमी वाचली की मला हा रुमाल आठवतो.

अशा बातमीत सगळे कौतुक जिद्दीचे होते. जिद्द लागतेच. टेनिसपटू सानिया मिर्झाचा मुलगा इझान ऑक्टोबर २०१८ मध्ये जन्मला. ८९ किलोंवर गेलेले वजन तिने ६३ वर आणले, दोन वर्षांहून अधिक खंडानंतर जानेवारी २०२० मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या स्पर्धेत उतरली आणि युक्रेनच्या नादिया किचेनोकबरोबर त्याच स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद घेऊन आली. हे कष्ट सर्वस्वी तिचे.

पण जिद्दीलाही पाय टेकायला जागा लागते. टेनिसची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. खेळणे थांबले की जुने गुण गळत जातात आणि वर्षभरात नाव यादीतून पुसले जाते. नाव नाही, तर मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश नाही. म्हणून राखीव क्रमवारीची सोय आहे. थांबताना जो क्रमांक होता, तो परतल्यावर ठरावीक स्पर्धांपुरता वापरता येतो. सानियाचा असा राखीव क्रमांक होता ९. त्याच्याच बळावर ती पुण्यात सराव करून घडलेल्या अंकिता रैनाला जोडीला घेऊन २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेली. समोर तीच नादिया आणि तिची जुळी बहीण ल्युदमिला. पहिला सेट ६-० असा जिंकला, दुसऱ्यात ५-३ अशी आघाडी होती, आणि तिथून सामना निसटला. रुमाल जागा धरतो, सामना जिंकून देत नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसावी.

ही सोयसुद्धा आयती मिळालेली नाही. सेरेना विल्यम्स पोटात बाळ असताना जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. सप्टेंबरमध्ये बाळंत झाली आणि पुढच्या वर्षी फ्रेंच ओपन खेळायला उतरली. प्रवेश मिळाला, पण मानांकन नाही, म्हणजे पहिल्याच फेरीत तगड्या खेळाडूशी गाठ पडू शकते. बसायला दिले, पण दारात. त्यावर बरीच चर्चा झाली आणि २०१९ च्या हंगामापासून महिला टेनिसचा नियम बदलला: राखीव क्रमांक बाळाच्या जन्मापासून तीन वर्षांपर्यंत वापरता येईल आणि ज्या खेळाडूला पूर्वीच्या क्रमांकावर मानांकन मिळाले असते, तिची पहिल्याच सामन्यात मानांकित खेळाडूशी गाठ पडणार नाही. बेल्जियमच्या किम क्लायस्टर्सने तर निवृत्तीच घेतली होती. लेक दीड वर्षाची असताना, २००९ मध्ये, अमेरिकन ओपनच्या आयोजकांनी तिला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारीशिवाय थेट प्रवेश, दिले. तिने ती स्पर्धा जिंकली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ती पुन्हा जगात पहिली झाली. तो रुमाल कुणी टाकलाच नसता तर?

आता आपल्या घराकडे पाहू. बाळंतिणीची काळजी घेण्यात आपली माणसे कुठे कमी पडत नाहीत. माहेरी आणणे, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. सव्वा महिन्याचा एकेक दिवस आजी बोटांवर मोजते. मला या मायेचा फार आदर आहे. पण सव्वा महिना संपला की ती परतते कुठे? चुलीपाशी, गोठ्यात, उसाच्या खुरपणीला. तिथली तिची जागा कुणी घेत नाही, ती पक्की असते. तिने कबड्डीच्या संघातली जागा सोडली होती, पहाटे भरतीसाठी धावायची ते मैदान सोडले होते. त्याचे दिवस मात्र कुणी मोजत नाही.

अंगातली ताकद बाळंतपणाने संपते, असे तर इथे कुणी म्हणूच नये. साठी ओलांडलेल्या लताबाई करे नवऱ्याच्या उपचारांसाठी नऊवारीत, अनवाणी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात धावल्या आणि जिंकल्या. ‘लता भगवान करे’ हा सिनेमा त्यांच्यावरच निघाला. आषाढात तुकोबारायांची पालखी काटेवाडी मागे टाकून बेलवाडीला येते. तिथल्या गोल रिंगणात डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात तेव्हा बघा. एक हात तुळशीला, दुसऱ्या हातात निऱ्या. त्यांतल्या कितीतरी जणी दोन-तीन लेकरांच्या आया असतात, काही आज्याही. धाप लागते, पण पाय थांबत नाहीत. त्या रिंगणात त्यांची जागा ठरलेली असते. त्यांचा क्रम आला की त्या धावतात.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या क्रीडा संघटनांना, शाळा-कॉलेजांतल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. बाळंतपणासाठी थांबलेल्या मुलीचे नाव तीन वर्षे यादीतून काढू नका. निवड चाचणीचा निरोप तिच्या सासरी पोहोचवा. आणि सासरच्या मंडळींनो, त्या दिवशी सकाळी बाळाला तुम्ही घ्या.